होर्ताच्या धक्क्यावरचं पीटर कॅफे स्पोर्ट: खलाशांचं टपालघर, पेढी आणि अड्डा

लाटकर:

गेल्या महिन्यात कट्ट्यावर बंदरातल्या जुन्या दारूच्या गुत्त्यांचा विषय निघाला, तेव्हा मी म्हणालो होतो की होर्ताबद्दल सवडीने लिहीन. आज सवड मिळाली.

लिस्बनपासून साधारण दीड हजार किलोमीटरवर, अटलांटिकच्या ऐन मध्यात, पोर्तुगालची नऊ बेटं आहेत: अझोर्स. त्यातल्या फायाल बेटावरचं होर्ता हे छोटं बंदर. समोर सात-आठ किलोमीटरची खाडी, आणि खाडीपलीकडे पिको बेटावरचा २,३५१ मीटरचा ज्वालामुखी थेट समुद्रातून वर आलेला. पोर्तुगालमधलं सर्वात उंच ठिकाण तेच.

एवढ्याशा गावाला जगभरचे शिडवाले का ओळखतात, याचं उत्तर वाऱ्यात आहे. युरोपातून कॅरिबियनला जाणाऱ्या शिडाच्या बोटी हिवाळ्याच्या तोंडावर कॅनरी बेटांकडून खाली उतरतात आणि व्यापारी वारे पाठीशी घेऊन पश्चिमेला निघतात. येताना त्याच वाऱ्यांच्या तोंडावर कोण जाणार? मग मे महिन्यात त्या आधी उत्तरेला चढतात, काही बर्म्युडाला थांबतात, पश्चिमेचा वारा धरतात आणि पूर्वेला वळतात. या वाटेवर पाणी भरायला, फाटलेलं शीड शिवायला, आंघोळ करायला पहिली जमीन मिळते ती अझोर्सची. बर्म्युडापासून जवळपास १,८०० सागरी मैल. दोन-अडीच आठवडे पाण्याशिवाय काही न पाहिलेली माणसं होर्ताच्या धक्क्यावर उतरतात. उतरल्यावर पाय डुलत असतात ते दारूने नव्हे. दारू नंतर, रस्ता ओलांडल्यावर.

रस्त्यापलीकडे निळ्या रंगाचं एक अरुंद दुकान आहे. पीटर कॅफे स्पोर्ट.

अझेवेदो कुटुंबाचा धंदा मुळात हस्तकलेच्या वस्तूंचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा. एन्रिके अझेवेदोने १९१८ मध्ये आत्ताच्या जागी बस्तान हलवलं आणि नाव ठेवलं कॅफे स्पोर्ट, कारण गड्याला खेळांचं वेड. तेव्हाचं होर्ता आपल्याला वाटतं तसं जगाच्या टोकाचं गाव नव्हतं. १८९३ पासून तिथे समुद्राखालच्या तारांची केबल येत होती. पुढे ब्रिटिश, अमेरिकन, जर्मन कंपन्यांची केबल-स्टेशनं झाली, त्यांचे बाबू, त्यांची घरं, त्यांचे क्लब आले. १९१९ मध्ये अटलांटिक पार करणारं पहिलं विमान, अमेरिकन नौदलाचं एनसी-४, न्यूफाउंडलँडहून उडालं ते इथेच पाण्यावर उतरलं आणि मग लिस्बनला गेलं. १९३९ पासून पॅन ॲमची उडती जहाजं, म्हणजे पाण्यावर उतरणारी प्रवासी विमानं, यायची. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात डच टग (अडकलेली जहाजं ओढून आणणाऱ्या बोटी) इथे मुक्काम ठोकून असायचे. कुठल्या जहाजाचा मदतीचा संदेश आला की सुटायचे, नाहीतर खलाशी कॅफेत बसून.

'पीटर' मात्र कोणी नव्हताच. एन्रिकेचा मुलगा जोझे दुसऱ्या महायुद्धात 'ल्युसिटानिया दोन' या ब्रिटिश नौदलाच्या जहाजावर काम करायचा. तिथल्या एका अधिकाऱ्याला या पोरात स्वतःचा मुलगा पीटर दिसायचा, म्हणून तो त्याला पीटर म्हणू लागला. ते नाव जन्मभर चिकटलं आणि पुढे पाटीवर चढलं. जोझे २००५ मध्ये गेला. आता त्याचा मुलगा जोझे एन्रिके सांभाळतो.

माझा मुद्दा असा: हे दुकान जिन-टॉनिकमुळे मोठं झालं नाही. (जिन-टॉनिक प्रसिद्ध आहे, चांगलं असतं, पण जगात चांगलं जिन-टॉनिक काय कमी ठिकाणी मिळतं?) ते मोठं झालं फुकट केलेल्या कामांमुळे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी शिडाच्या बोटीवरच्या माणसाला पत्ता नसायचा. बायकोने, आईने, बँकेने पत्र पाठवायचं कुठे? तर 'अमुक बोट, द्वारा पीटर, कॅफे स्पोर्ट, होर्ता'. जोझे ती पत्रं राखून ठेवायचा. बोट कधी येईल सांगता येत नाही, आली तर येईल. डॉलर, पौंड, फ्रँक बदलून द्यायचा. शीड शिवणारा, इंजिन उघडणारा, दात उपटणारा कुठे भेटेल ते सांगायचा. बोटीला माणूस हवा असेल किंवा माणसाला बोट, तर फळ्यावर चिठ्ठी.

तो फळा अजून आहे. मी गेलो तेव्हा एक चिठ्ठी होती: आयर्लंडपर्यंत एक जण हवा, सिगारेट नको, रात्रपाळी करावी लागेल, स्वयंपाक येत असल्यास उत्तम. खाली कोणीतरी वेगळ्या शाईत लिहिलं होतं, 'कॅप्टन घोरतो'.

आत बसायला जागा म्हणाल तर मारामार. छताला आणि भिंतींना देशोदेशीचे, क्लबांचे, बोटींचे झेंडे इतके टांगलेत की खालचं लाकूड दिसत नाही. काही इतके विरलेत की कुठल्या देशाचे ते ओळखता येऊ नये. वरच्या मजल्यावर स्क्रिमशॉचं संग्रहालय आहे, १९८६ मध्ये सुरू झालेलं. स्क्रिमशॉ म्हणजे स्पर्म व्हेलच्या दातावरचं कोरीवकाम. देवमाशांच्या शिकारीवर निघालेल्या जहाजांवर महिनोन्महिने काही काम नसायचं. मग दात घासून गुळगुळीत करायचा, शीड शिवायच्या सुईने त्यावर चित्र ओरखडायचं आणि ओरखड्यांत काजळी चोळायची. जहाजं, बायकांचे चेहरे, शेपटीच्या फटक्याने उलटलेल्या होड्या. एका दातावर खुद्द पीटर आहे.

बाकी धक्क्याच्या भिंतीवरच्या चित्रांबद्दल कोणी विचारलंच तर लिहितो. हात दुखले.

---

शंकेखोर:

लेख छान, पण मला एक कळत नाही. प्रत्येक बंदरात 'खलाशांचा जुना अड्डा' म्हणून एक दुकान असतंच. आत नांगर, दोर, काचेचे गोळे लटकवायचे आणि बिअरला दीडपट भाव लावायचा. लंडनला नदीकाठी अशा पबांची रांग आहे. पीटरचे टी-शर्टही विकतात असं ऐकलं. मग हा टुरिस्ट सापळा नाही कशावरून?

---

लाटकर:

टी-शर्ट विकतात हो. देवमाशाचं चित्र असलेले, आणि धबाधब विकतात. कॅफेवाले लोकांना बोटीतून देवमासे दाखवायलाही नेतात. तो धंदा आहे आणि तो लपवायचं कारण नाही.

पण लंडनचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. वॅपिंगचा 'प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी' घ्या. जागा सोळाव्या शतकापासूनची सांगतात, बाहेर फाशीचा दोर टांगलाय. सगळं आहे, फक्त खलाशी नाहीत. लंडनच्या शहरातल्या गोद्या एकामागून एक बंद पडल्या, १९८१ पर्यंत शेवटच्या रॉयल डॉक्सही संपल्या. आता वॅपिंगच्या गोदामांत बँकवाले राहतात आणि पबमध्ये बसून खलाशांच्या गोष्टी वाचतात. होर्ताला आजही वर्षाला हजाराच्या वर बोटी येतात. मे-जूनमध्ये मरिनात जागा नसते. मग एकीला दुसरी, दुसरीला तिसरी अशा बांधतात, आणि पलीकडच्याला धक्क्यावर यायचं तर चार जणांच्या डेकवरून 'माफ करा, माफ करा' म्हणत यावं लागतं. मी गेलो तेव्हा शेजारच्या टेबलावर एक जोडपं होतं, बाईंच्या दोन्ही तळव्यांना दोराने सोललेल्या खुणा. समोरची मंडळी क्रूझवाली, पायात नवे कोरे बूट. दोघांना बिल एकाच भावाने. सापळा असेल तर खलाशीही त्यात अडकायला येतात म्हणा.

---

चौथा_इंजिनियर:

लाटकर, लेख आवडला, पण 'खलाशी' शब्द जपून वापरा राव. स्वतःच्या पैशाने स्वतःची बोट घेऊन हिंडणारा तो हौशी. त्याचं कौतुक आहेच, अटलांटिक छोट्या बोटीतून करायला मला कोणी लाख रुपये दिले तरी जाणार नाही. पण खलाशी म्हणजे जो पगारावर जातो तो. कोकणातल्या आमच्या गावात एकेका घरात तीन-तीन पिढ्या. आजोबा पी अँड ओच्या बोटीवर डेकवर होते. सारंग, टंडेल, कसाब, खलाशी अशी उतरंड. त्यांना लंडन म्हणजे टिलबरी आणि गोदीचं फाटक एवढंच माहीत. पब वगैरे गोऱ्या खलाशांसाठी.

आमच्या पिढीला तेवढंही नाही. कंटेनर जहाज बारा-चौदा तासांत रिकामं होऊन भरलं जातं. त्यातले सहा तास वॉच, चार तास झोप. १ जुलै २००४ पासून सुरक्षेचे नवे आंतरराष्ट्रीय नियम लागू झाले, तेव्हापासून काही बंदरांत फाटकाबाहेर पडायचं म्हणजे व्हिसा, पास, एस्कॉर्ट. टर्मिनल शहरापासून पंचवीस किलोमीटर लांब. खूप झालं तर मिशनची व्हॅन येते, मिशन टू सीफेरर्स नाहीतर स्टेला मारिस या खलाशांसाठीच्या चर्चच्या संस्थांची. क्लबमध्ये नेतात, सिमकार्ड, चॉकलेट, बिलियर्डचं टेबल, तासाभराने परत. त्या व्हॅनवाल्या म्हाताऱ्या स्वयंसेवकांचे उपकार आहेत, त्यावर एक वेगळा धागा काढायला हवा.

पीटरसारखी जागा नोकरीवाल्या खलाशाच्या नशिबात नाही राहिली. हौशी लोकांच्या नशिबात राहिली कारण त्यांना घाई नाही.

---

लाटकर:

पटलं. पण पीटरची सुरुवात तुमच्या अर्थाच्या खलाशांवरच झाली: केबल टाकणारी जहाजं, कोळसा भरायला येणाऱ्या आगबोटी, डच टगवाले, आणि त्याही आधी होर्ताला अमेरिकन व्हेलर, म्हणजे देवमाशांची शिकार करणारी जहाजं. न्यू बेडफर्डहून निघालेली जहाजं इथे भाजी, पाणी आणि माणसं भरायची. अझोर्सच्या पोरांनी शिकार त्यांच्याकडून शिकली आणि अमेरिकेत जाऊन तिकडेच वसली. हौशी बोटींचा लोंढा नंतरचा. जुने गिऱ्हाईक आटले तेव्हा नव्यांना तीच पत्रपेटी कामाला आली, म्हणून दुकान टिकलं.

---

मांडवीकाठ:

लाटकरबाब, अझोर्स म्हटल्यावर गोंयकाराने गप्प बसायचं म्हणजे कठीण. होर्ता सोडा, शेजारचं तेर्सेरा बेट बघा. गोव्याहून लिस्बनला परतणारी पोर्तुगीज जहाजं आफ्रिकेला वळसा घालून अटलांटिकात शिरली की त्यांनाही तोच वारा. सरळ वर चढता येत नाही, म्हणून पश्चिमेला लांब फिरून अझोर्सला यायचं. तेर्सेराच्या आंग्रा बंदरात या ताफ्यांची सोय बघायला राजाने खास अधिकारी नेमलेला, १५२७ च्या सुमारास. वास्को द गामाचा भाऊ पाउलो पहिल्याच सफरीहून परतताना, १४९९ मध्ये, आंग्राला वारला. तिथेच पुरलाय.

आणि लिन्सकोटेन! गोव्याच्या आर्चबिशपचा डच चिटणीस. १५८३ मध्ये गोव्यात आला, पाच-सहा वर्षं राहिला, बाजार, पालख्या, फळं, पगार, व्यसनं सगळं टिपून घेतलं. परतताना १५८९ ते १५९१ तेर्सेराला अडकला. हिंदुस्थानच्या वाटेबद्दल त्याने लिहिलेलं घेऊन डच पुढे स्वतःच निघाले, पोर्तुगिजांची मक्तेदारी गेली. तेव्हा खलाशांनी धक्क्यावर बसून मारलेल्या गप्पांना कमी समजू नका.

या पाण्यात इंग्रज दबा धरून बसायचे. १५९२ मध्ये फ्लोरेस बेटाजवळ त्यांनी हिंदुस्थानातून परतणारं 'माद्रे द देउश' पकडलं. मिरी, लवंग, दालचिनी, मोती. डार्टमथला नेलं तर गावकऱ्यांनी इतकी लुटालूट केली की आवर घालायला वॉल्टर रॅलेला तुरुंगातून सोडून पाठवावं लागलं. दोन वर्षांनी गोव्याहूनच निघालेलं 'सिंको शागाश' फायालजवळ पेटून बुडालं. म्हणजे पीटरच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाण्यात आमच्याकडचा माल पडलेला आहे.

इंजिनियरसाहेबांसाठी: नोकरीवाल्या खलाशाची पत्रपेटी बघायची तर मुंबईला धोबीतलावचे कूड बघा. कूड म्हणजे गोव्याच्या एकेका गावाचं मुंबईतलं वसतिगृह. बोटीवर स्टुअर्ड, कुक म्हणून जाणारे आमचे लोक दोन नोकऱ्यांच्या मधे तिथे उतरायचे. भिंतीला लागून पेट्यांची रांग, एका टोकाला आल्तार, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा. पत्रं तिथेच यायची, कुठल्या बोटीवर माणूस हवाय ती बातमीही तिथेच. माझ्या पाप्पांची पेटी अजून घरी आहे, झाकणाच्या आत बोटींची नावं खडूने लिहिलेली.

---

फोर्टवाला:

मांडवीकाठ, जबरदस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

मुंबईची आठवण निघालीच आहे तर: रीगलसमोरचं महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय रोज बघतो आपण. ती इमारत मुळात रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. ड्यूक ऑफ एडिंबरा आल्फ्रेड १८७० मध्ये आला तेव्हा कोनशिला बसली, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दोन लाख दिले, १८७६ मध्ये बांधून झाली. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, ज्याने पुढे व्हीटी बांधलं. बाहेरून बघितलंत तर वरच्या त्रिकोणात नेपच्यून कोरलाय. पोलिसांच्या इमारतीवर समुद्रदेव काय करतोय, त्याचं कारण हे. हेतू असा की गोऱ्या खलाशांनी गुत्त्यांत आणि वेश्यावस्तीत पगार उडवू नये, इथे स्वस्तात राहावं, जेवावं. १९२८ पासून इथे मुंबईचं विधिमंडळ भरायचं, पोलीस आले १९८२ मध्ये.

म्हणजे पीटरच्या अगदी उलट. तिथे गुत्तेवाल्यानेच खलाशाची काळजी घेतली, इथे सरकारने गुत्त्यापासून वाचवायला राजवाडा बांधला. खलाशांना कुठलं जास्त आवडलं असेल ते सांगायची गरज आहे का? :)

---

पाणकोंबडी:

भाबडा प्रश्न. आपल्या नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे म्हादेई ही शिडाची बोट घेऊन एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले, ते पीटरकडे थांबले होते का?

---

चौथा_इंजिनियर:

नाही. त्यांची वाटच वेगळी. २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून निघाले ते ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडचं लिटलटन, फॉकलंडचं पोर्ट स्टॅनली, केपटाउन असे चार मुक्काम करून २०१० च्या मे महिन्यात मुंबईत. प्रदक्षिणेचा मोठा भाग 'गर्जणाऱ्या चाळीशी'तल्या, म्हणजे दक्षिणेच्या चाळीस अंश अक्षांशापलीकडच्या वाऱ्यावर. अझोर्स उत्तर अटलांटिकात, कुठल्या कुठे. बाकी बोट गोव्यातली, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. मांडवीकाठ यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

एकट्याने प्रदक्षिणा पहिल्यांदा करणारा जोशुआ स्लोकम मात्र होर्ताला थांबला होता, जुलै १८९५ मध्ये. कॅफे तेव्हा नव्हतं. प्लम भरपूर मिळाले, पिकोचं पांढरं चीज अमेरिकन कॉन्सल-जनरलने दिलं. पठ्ठ्याने समुद्रात गेल्यावर दोन्ही एकदम खाल्लं आणि पोटात असा मुरडा उठला की केबिनमध्ये आडवाच. शुद्धीवर आला तर सुकाणूवर एक उंच परका माणूस. म्हणतो, मी कोलंबसाच्या 'पिंटा'चा वाटाड्या, तू झोप, बोट मी सांभाळतो. सकाळी बघतो तर बोट अगदी बरोबर वाटेवर. जगप्रदक्षिणेला निघालेल्या माणसाला आडवं केलं ते प्लम आणि चीजने.

---

निवांत_काकू:

हसून हसून पुरेवाट. आमचं जूनमध्ये पोर्तुगालला जायचं चाललंय, लेक तिकडे आहे. लाटकर, भिंतीवरच्या चित्रांचं लिहितो म्हणालात ते राहिलंच. आणि आम्ही शाकाहारी आहोत, तिथे काय खायचं? तो कोरलेला दात विकत मिळतो का हो, शोकेससाठी?

---

लाटकर:

काकू, आधी दाताचं. घेऊ नका. स्पर्म व्हेलच्या कुठल्याही अवयवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या करारात बंद आहे, कस्टममध्ये धराल. वरच्या मजल्यावर जाऊन डोळे भरून बघा. अझोर्समधली शिकार १९८० च्या दशकात संपली. तेव्हा डोंगरावरच्या चौकीत बसून दुर्बिणीने देवमाशाचा फवारा हेरणारे 'विजिया' असायचे. ते फटाका उडवायचे आणि खाली माणसं हातातलं काम टाकून वल्ह्याच्या होड्यांकडे धावायची. आता त्याच चौक्यांवरून पर्यटकांच्या बोटींना वायरलेसवर सांगतात, कुठे बघायचं ते. त्या सहलीला जरूर जा, सकाळची घ्या, आणि मळमळीची गोळी आधीच.

खाणं: साओ जोर्जचं चीज (स्लोकमचं नव्हे, हे चांगलं मुरलेलं, तिखटसर), ब्रेड, बटाटे, सॅलड, अननस. सूप मागताना मटण-मासे नाहीत ना हे दोनदा विचारा, पाल्याच्या सूपमध्येही सॉसेजचा तुकडा टाकतात. पिकोची वाइन चालत असेल तर घ्या. काळ्या लाव्ह्याच्या दगडी बांधांमध्ये वेली लावलेल्या असतात. ते मळे २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

आता भिंत. होर्तात आलेल्या प्रत्येक बोटीने निघायच्या आधी धक्क्यावर आपलं चित्र काढायचं असा रिवाज आहे. बोटीचं नाव, साल, माणसांची नावं, जमेल तसं चित्र. न काढता निघालात तर पुढे समुद्रात काहीतरी वाईट होतं म्हणतात. अंधश्रद्धा म्हणा, पण विमा कंपनीचा माणूस स्वतः बोट घेऊन आला तरी ब्रश उचलतो. भिंत भरली, मग जमीन भरली, आता जुन्या फिकट चित्रांवर नवी चढतात. कोणाचं वर रंगवायचं याचाही एक न लिहिलेला नियम आहे: ओळखू येत असेल तर हात लावायचा नाही. मी एका फ्रेंच म्हाताऱ्याला बघितलं, पूर्वीच्या फेरीतलं स्वतःचं चित्र शोधून त्यावर नुसता नवा रंग भरत होता आणि खाली नवं साल लिहीत होता. सालांची चांगली लांब रांग झाली होती.

---

शंकेखोर:

पत्रांचं अजून चालतं का? की व्हॉट्सॲपने तेही संपवलं?

---

लाटकर:

बरंचसं संपवलं. बोटींवर उपग्रहाचं इंटरनेट आहे, हवामान, बँक, आई सगळं फोनमध्ये. पण एक गोष्ट फोनमधून येत नाही: सुटा भाग. पंपाचं सील, विंचचं स्प्रिंग कुरियरने मागवायचं तर पत्ता लागतोच. आणि माणूस हवा असेल तर लोक अजूनही समोरासमोर बघून घेतात. तीन आठवडे ज्याच्याबरोबर काढायचे तो फोटोत कसा दिसतो याला अर्थ नाही, दोन ग्लास झाल्यावर कसा वागतो त्याला आहे.

---

चौथा_इंजिनियर:

आमच्याकडे हे काम मॅनिंग एजंट करतो, आणि तो भेटतो तेव्हा मी सूटबूट घालून 'येस सर' म्हणत असतो. त्यापेक्षा दोन ग्लासची पद्धत बरी.

---

निवांत_काकू:

धन्यवाद लाटकर, सगळं वहीत उतरवून घेतलं. पिकोला जायला बोट सारखी असते ना? यांना बोट लागते, लांबचा प्रवास झेपणार नाही.

---

लाटकर:

असते. होर्ता ते मादालेना, अर्धा तास. खाडीत वारा असेल तर हलते, तेव्हा काकांना मागे आणि खालच्या मजल्यावर बसवा. सकाळची पहिली धरलीत तर पाणी बहुधा शांत असतं. परतीची शेवटची फेरी चुकवू नका.